कापलेला कोपरा

मी दार ढकललं आणि ती दोघं बोलायची थांबली. एवढंच. यात खरं तर सांगण्यासारखं काही नाही. माणसं बोलतात, कुणी आलं की थांबतात, जगभर हेच चाललेलं असतं. पण थांबताना चिमटीने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे म्हणजे तोंडाकडे नाही, हातांकडे. पापणी लवते न लवते तेवढा वेळ. मग लगेच, "आलीस? चहा ठेवू?" सर खिडकीकडे वळले. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप सोडून काही दिसत नाही, पण त्यांना अचानक फार काही दिसायला लागलं. मी म्हटलं, "ठेव की," आणि कोटाच्या खिशात हात घातले. घातल्यावर वाटलं, का घातले? आता तर तिला नक्की कळलं असणार. काय कळलं असणार? कळण्यासारखं आहे तरी काय? मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. चहा आला तेव्हा मी कप दोन्ही हातांनी धरला आणि तिने तेही पाहिलं.

चिमटी हे नाव मीच ठेवलेलं, अकरा वर्षांपूर्वी, ती पहिल्यांदा या प्रयोगशाळेत आली तेव्हा. ही बाई कशालाही बोट लावायची नाही, सगळं चिमट्याने. कागदसुद्धा चिमट्याने उचलेल की काय असं वाटायचं. नाव तिला आवडलं, वाढदिवसाच्या कार्डावर ती 'तुझी चिमटी' लिहायची. आमची दोघींची कामं वाटलेली आहेत. पेशी वाढवायच्या, त्यांना औषध द्यायचं, ठरलेल्या मिनिटाला त्यांना फोडून त्यातली प्रथिनं नळ्यांत भरायची, हे तिचं. त्या नळ्या घेऊन प्रथिनं जेलवर, म्हणजे लिबलिबीत पातळ वडीवर, वजनाप्रमाणे वेगळी चालवायची, तिथून मेंब्रेनवर, म्हणजे कागदासारख्या पापुद्र्यावर, उतरवायची आणि शेवटी काळ्या पट्ट्यांचा फोटो काढायचा, हे माझं. मी कायम नोकरीत आहे, ती तीन-तीन वर्षांच्या करारावर. प्रयोगशाळा सरांची, त्यांनी सही केली की पुढची तीन वर्षं. घरी अंथरुणाला खिळलेले वडील, आणि कमावणारी ही एकटी. त्या दिवशी दुपारी चार वाजता सरांची सही व्हायची होती. हे मला माहीत होतं, म्हणजे मी जे केलं ते माहीत असताना केलं.

आम्ही सुजेवर काम करतो. सूज डोळ्यांना दिसते त्याच्या फार आधी एकेका पेशीच्या आत काय घडतं, त्यावर. लोकांना वाटतं सूज म्हणजे आजार. अहो, सूज म्हणजे आधी निरोप असतो. कुठे काही खुपलं, जंतू शिरला, की एक पेशी बोंब ठोकते. ती बोंब म्हणजेही एक प्रथिनच, ते जाऊन शेजारच्या पेशीच्या अंगावर ठरलेल्या जागी बसतं. मग आत याने त्याला सांगायचं, त्याने पुढच्याला. शेवटी निरोप पोचतो एका जोडीपाशी. त्यातला एक आडदांड, पेशीच्या केंद्रकात घुसून सुजेची सगळी बटणं दाबू शकणारा, आणि दुसरा त्याला धरून बसलेला. या दुसऱ्याला आम्ही 'धरणारा' म्हणतो. कागदावर त्याचं नाव अक्षर-आकड्यांचं आहे, पण सतरा वर्षं एखाद्याबरोबर काढल्यावर पूर्ण नाव कोण घेतं? निरोप आला की धरणारा पंधराएक मिनिटांत मोडून पडतो आणि आडदांड मोकाट सुटतो. आता यातली खरी गंमत ऐका. तो आत जाऊन जी बटणं दाबतो, त्यातलं एक धरणाऱ्याचंच असतं. तासाभरात नवा धरणारा तयार होतो आणि याला मानगूट धरून बाहेर काढतो. धडधाकट पेशीत असं होतं. दुखणाईत शरीरात निरोप थांबतच नाहीत. निरोप खरा की खोटा हे विचारायची पेशीला सवय नसते, निरोप आला म्हणजे खराच असणार. आमचं औषध धरणाऱ्याला मोडू देत नाही, निदान तशी आमची आशा आहे. तीन वर्षं त्या आशेवरच निघाली.

आणि गेले चार महिने सकाळी माझी मूठ वळत नाही. उठल्यावर तासभर बोटं माझी नसतात. मधली दोन पेरं फुगलेली, गरम, दोन्ही हातांना सारखीच. हे काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही, हातच्या कांकणाला आरसा कशाला? या विषयावर मी चार माणसांसमोर उभी राहून भाषणं दिली आहेत. तरी मी डॉक्टरकडे गेले नाही. गेले की नाव पडेल, नाव पडलं की कागद होईल, कागद झाला की सरांच्या टेबलावर येईल. ज्या हातांनी मिलिलिटरचा हजारावा भाग अचूक सोडायचा, ते हात कोण ठेवून घेईल? घरीही बोलले नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, "अंगठी का काढलीस?" म्हटलं, "साबण अडकतो." त्याने मान हलवली. पण त्यानंतर माझ्या लक्षात आलं की घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं नुसती टेकवून ठेवलेली असतात, एकही घट्ट नाही. कोण ठेवतं? घरात दोनच माणसं. म्हणजे याला माहीत आहे. माहीत आहे तर बोलत का नाही? कशाची वाट बघतोय? प्रेमाने करतोय म्हणावं तर मला ते झाकण उचलताना इतका राग येई की एकदा मी ते मुद्दाम घट्ट लावायला गेले आणि ओट्यापाशी रडत उभी राहिले.

आईचं उलट होतं. आईचे हात मला आठवतात ते शालीखाली लपलेलेच, आणि आई म्हणायची, कुणीतरी झाकणं मुद्दाम घट्ट लावतं. कुणीतरी म्हणजे काकू, कारण स्वयंपाकघरात दुसरं कोण होतं? आधी ती हे फक्त मला सांगायची, कुजबुजून, मी दहा वर्षांची. मग एकदा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्हाला मी नकोशी झालेय तर तोंडावर सांगा, बरण्यांवर कशाला राग?" काकूच्या हातातला घास हातातच राहिला. वर्षभरात काका-काकू वेगळे राहायला गेले. त्यानंतरही झाकणं घट्टच निघत राहिली, तेव्हा आईने संशय माझ्यावर आणला. मी हसले होते तेव्हा. मोठी झाल्यावर कळलं की आईला हात दुखतात हे कबूल करण्यापेक्षा जाऊबाई वाईट आहे हे कबूल करणं सोपं गेलं. कळलं म्हणजे काय, नुसतं कळलं.

तर चहा झाला आणि मी फोटो काढायला गेले. आदल्या दुपारी चालवलेलं जेल, धरणाऱ्याला हुडकून काढणाऱ्या अँटिबॉडीत रात्रभर ठेवलेली मेंब्रेन. फोटो काढायच्या यंत्राच्या पडद्यावर एकेक पट्टी काळी होत येते, तेव्हा सतरा वर्षांनंतरही मी उभी राहूनच बघते. एकूण दहा नमुने. डावीकडचे पाच औषध न दिलेले, शून्य मिनिटापासून साठ मिनिटांपर्यंत, बरोबर मधला पंधराव्या मिनिटाचा, उजवीकडचे पाच औषध दिलेले, त्याच वेळांना. डावीकडे पंधराव्या मिनिटाला धरणारा नाहीसा व्हायला हवा, उजवीकडे टिकायला हवा. झालं नेमकं उलट. औषध न दिलेल्या पेशींत धरणारा पाचही वेळा ठणठणीत, आणि औषध दिलेल्यांत पंधराव्या मिनिटाला साफ गायब, साठाव्या मिनिटाला पुन्हा हजर. इतकं स्वच्छ उलटं की त्याला अपघात म्हणायला जीभ वळेना. हे औषध काही करत नाही असं दिसलं असतं तर मी डोक्याला हात लावून गप्प बसले असते. पण हे तर कुणीतरी दोन्ही संचांची अदलाबदल केल्यासारखं होतं.

कुणीतरी. नळ्या चिमटीने भरलेल्या. आमच्याकडे नमुन्याचा आकडा सुट्या झाकणावर लिहितात, कारण नळीच्या अंगावरची शाई बर्फात पुसते. झाकणं बदलली की नमुने बदलले. आणि मग सगळं जुळायलाच लागलं, संशयाला काय, जुळवायला फार लागत नाही. सकाळी दोघांचं थांबणं. हातांकडे बघणं. गेल्या आठवड्यात "मी चालवू का एखादं जेल?" असं तिने सहज विचारलं होतं. सहज! अकरा वर्षांत कधी नाही ते आता? माझं जेल बिघडलं, पुन्हा बिघडलं, मग सर म्हणणार, बाई, आता हे काम तिला द्या. कानामागून आली आणि तिखट झाली. माझं डोकं गरम झालं, अक्षरशः, कानाच्या पाळ्या पेटल्या. पडद्यावरच्या दहा पट्ट्या मी दहा वेळा पाहिल्या. मेंब्रेनच्या दोन्ही कडांना काय होतं ते एकदाही पाहिलं नाही.

बाराला मी सरांच्या खोलीत गेले. फोटो पुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे उलटं आहे," ते म्हणाले.

"हो. नमुने बदललेत. झाकणं."

"नक्की?"

"जेल मी चालवलं, सर. सतरा वर्षं चालवतेय. नळ्या तिने भरल्या." आणि मग मी ते वाक्य बोलले. मी ते वाटेत बोळात उभी राहून जुळवलं होतं, हेही सांगून टाकते. "मुद्दाम की चुकून, हे मी म्हणत नाही."

सरांनी फोटो टेबलावर पालथा घातला. मग म्हणाले, "आजच सही आहे." मी म्हटलं, "ते तुमचं तुम्ही बघा." बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटत होतं, खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं. हातही दुखत नव्हते.

मेंब्रेन फ्रिजमध्ये ठेवायची म्हणून मी जेवणानंतर ती ट्रेमधून काढली. ती पांढरी असते, हाताएवढी. धरणाऱ्याच्या काळ्या पट्ट्या फक्त यंत्राला दिसतात, नुसत्या डोळ्यांना दिसते ती दोन्ही कडांची लॅडर, म्हणजे वजन मोजायच्या रंगीत खुणांची शिडी. आमच्याकडे बाकीचे लॅडर एकाच कडेला घालतात, मी दोन्हीकडे घालते, मला ते देखणं वाटतं. तर डावीकडची लॅडर फिकट होती आणि उजवीकडची गडद. मी बघत राहिले. लॅडरची बाटली काल संपत आली होती. जेलच्या काठाला नमुने सोडायचे जे खाने असतात, त्यातल्या पहिल्या खान्यात मी पुरेपूर घातली, शेवटच्या खान्यात उरलीसुरली. फिकट ती शेवटची. मग ती डावीकडे काय करते? माझी वही काढली. माझ्याच वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: शेवटच्या खान्यात लॅडर कमी पडली, नवी मागवणे.

जेल दोन काचांच्या मध्ये असतं. काच उचकटली की ते कधी या काचेला चिकटून येतं, कधी त्या. उचलताना उलटलं की डावं ते उजवं होतं, आणि त्या लिबलिबीत पारदर्शक तुकड्यावर कुठे लिहिलेलं नसतं की पहिला खाना कुठला. म्हणून नियम असा की काच उघडल्याबरोबर, जेल हलवायच्या आत, पहिल्या खान्याकडचा कोपरा पात्याने कापायचा. मग ते कितीही उलटो. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हा नियम मीच शिकवते, घोकून घेते. आणि काल दुपारी माझ्या बोटांत पातं धरवेना. दोनदा पडलं. मग मी म्हटलं, आधी जेल मेंब्रेनवर टाकून घेऊ. कसंबसं तळव्यांनीच उचलून टाकलं, नळाच्या गरम पाण्याखाली हात धरले, बोटं सुटल्यावर परत आले आणि डावीकडचा कोपरा कापला. डावीकडचा, कारण पहिला खाना नेहमी डावीकडेच असतो. फोटो मी मनातल्या मनात फिरवला. औषध न दिलेल्यांत पंधराव्या मिनिटाला धरणारा गायब, औषध दिलेल्यांत पाचही वेळा उभा. तीन वर्षांत इतका सुंदर निकाल आला नव्हता. चिमटीच्या नळ्यांत एका मिनिटाचीसुद्धा चूक नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता.

आता लगेच जायला हवं होतं. सरांची खोली बावीस पावलांवर. मी मेंब्रेन फ्रिजमध्ये ठेवली, दार लावलं आणि स्टुलावर बसले. म्हटलं, आधी नीट खात्री करू. खात्री झालेलीच होती. मग म्हटलं, सर जेवत असतील. मग म्हटलं, चारला अवकाश आहे. मग जे खरं होतं ते आलं: सांगायचं तर पातं का धरवलं नाही हेही सांगावं लागेल. अर्धंच सांगता येईल का, जेल उलटलं, होतं असं कधी? सतरा वर्षांत माझं कधी उलटलं नव्हतं. ते विचारतील. शिवाय ती माझ्या हातांकडे बघत होती ते काय उगाच? त्या दोघांचं काहीतरी शिजत होतं ते काय खोटं? एका गोष्टीत मी चुकले म्हणून दुसऱ्यातही चुकलेच असं थोडंच आहे? असं मी स्वतःला विचारत होते, आणि माझा मलाच तो आवाज ओळखीचा वाटला, आणि मी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अडीचला चिमटी आली. सरांनी तिला बोलावून विचारलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. समोरच्या स्टुलावर बसली, आणि पहिल्यांदाच मी तिला नळ्यांना नुसत्या बोटांनी हात लावताना पाहिलं. उरलेल्या नमुन्यांची एकेक नळी उचलायची, झाकण बघायची, खाली ठेवायची, पुन्हा तीच उचलायची.

"मला आठवतच नाही गं," ती म्हणाली. "सोमवारी बाबांना रात्रभर धाप लागली होती. मी झोपेतच होते म्हण ना. सहानंतर सात नंबरची नळी भरली की आधी दोन... झाकणं मी एका रांगेत काढून ठेवली होती. ठेवली होती ना? तू होतीस ना तेव्हा इथे?"

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

"माझ्याकडूनच झालं असेल. दुसरं कोण करणार?" मग नळीकडेच बघत, "आणि सकाळी मी सरांशी तुझ्याबद्दलच बोलत होते, तेही सांगून टाकते. तुझ्या हातांबद्दल. म्हटलं, जेलचं काम थोडे दिवस मी करते, तिला दाखवून येऊ दे कुणाला तरी. तुला आधी विचारायला हवं होतं. पण तू अंगावर आली असतीस."

म्हणजे पाल खरी चुकचुकली होती! मला हसूच आलं, आनंदच झाला म्हणा ना, संशय खरा निघाल्याचा. पाठीमागे बोलली. माझं काम मागितलं. कुणी सांगितला होता हा उपद्व्याप? तोंडावर तर म्हटलं, "बरं केलंस." आणि उठून बाटल्या पुसायला लागले. ती मागे अजून झाकणं बघत होती. तिच्या नळ्यांत काही चूक नाही हे या इमारतीत एकाच माणसाला माहीत होतं आणि ते माणूस पुसलेली बाटली पुन्हा पुसत होतं. मोकाट सुटलेल्याला धरणारा तासाभरात तयार होतो, असं मी वर शहाणपणाने सांगितलं. माझा तास केव्हाच उलटून गेला होता. माझ्या आत कुणी तयार होत नव्हतं. उलट दर पाच मिनिटांनी एक नवं कारण तयार होत होतं, आणि प्रत्येक कारण मागच्यापेक्षा धडधाकट. तिने स्वतःहून मान्य केलंय, मग मी कशाला? सर समजूतदार आहेत, एवढ्यावरून करार तोडणार नाहीत. तोडला तरी तिला दुसरीकडे मिळेल, हात चांगले आहेत तिचे. या शेवटच्या कारणापाशी मी थांबले. हात चांगले आहेत तिचे, हे मी मनात म्हटलं आणि मला माझीच शिसारी आली. लाज नव्हे, शिसारी. लाज असती तर मी आणखी तासभर सहज बसले असते.

चारला पाच मिनिटं असताना मी उठले. सरांच्या खोलीत चिमटी आधीच होती. तिच्यापुढे एक कागद, तिच्या सुबक अक्षरात: नमुन्यांची झाकणं माझ्याकडून बदलली गेली असण्याची शक्यता आहे. खाली सही. कराराचा कागद सरांच्या कोपराखाली होता, आणि पेन बंद होतं.

"बसा बाई," सर म्हणाले. "यांनी मान्य केलंय."

मी बसले नाही. म्हटलं, "झाकणं बदललेली नाहीत. जेल उलटं पडलं होतं. कोपरा मी नंतर कापला, चुकीचा कापला. मला पातं धरता येत नव्हतं." आणि खिशातून हात काढून टेबलावर ठेवले, फुगलेली बोटं पसरून. एवढं सोपं होतं ते. सरांनी हातांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. चिमटीने हातांकडे पाहिलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"लिहून द्या," सर हळूच म्हणाले. कोरा कागद सरकवला.

लिहायला मला फार वेळ लागला. पेन बोटांत राहीना, दोनदा खाली पडलं, मी ते उचलून मुठीत धरून लिहीत गेले, ओळी वर-खाली. अकरा वर्षांत माझ्या हातून काही पडलं की ते उचलायला खाली वाकणारी बाई टेबलापलीकडे होती, आणि ती वाकली नाही. सही केली, कागद पुढे केला. सरांच्या आधी चिमटीने घेतला. वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला, बोट ओळीखाली ठेवून.

"तुला कधी कळलं ते नाही लिहिलंस," ती म्हणाली.

"आज."

"आज कधी?"

सर म्हणाले, "राहू दे हो आता. झालं ना?"

"नाही सर, लिहू दे."

मी कागद परत घेतला आणि सहीच्या वर, उरलेल्या चिंचोळ्या जागेत लिहिलं: दुपारी दीड वाजता. तिने ते वाचलं. आपला कबुलीचा कागद उचलला, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवला, फाडला नाही. सर कराराचा कागद पुढे ओढून पेनाचं टोपण काढत होते, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

"अडीचला तू माझ्यासमोर होतीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."